उणे पाच शतांश

नवी मुंबईच्या गावांत साडेबारा म्हटलं की कुणी घड्याळाकडे पाहत नाही. साडेबारा म्हणजे साडेबारा टक्के. सिडकोने शेती घेतली, तिच्या बदल्यात मूळ मालकाला परत मिळणारा विकसित भूखंड. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे त्या लढ्यातून ही योजना आली. मात्र साडेबारा हा बोलण्यातला आकडा. हातात पडतात पावणेनऊ, कारण सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के आधीच कापून घेतले जातात. नावडे हे या हिशेबात पुरतं भिजलेलं गाव आहे. एकीकडे तळोजा एमआयडीसी, दुसरीकडे कळंबोली, मधून दिवा-पनवेल रेल्वे आणि जुन्या गावठाणाभोवती सिडकोच्या इमारती. इथल्या म्हाताऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी साडेबारातून पावणेचार गेले की किती उरतात ते तो सांगेल.

त्याच्या सहावीतल्या नातवाला मात्र ते कागदावर करायला सांगून पाहावं.

गावठाणातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी शिकवणी चालते. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, आता घरीच मुलं घेतात. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहतो, मुलांना आता त्याची सवय झाली आहे. सहावी-सातवीची पोरं, कुणी मराठी माध्यमाचं, बरीचशी सेमीची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. त्यामुळे वहीत ‘इंटीजर’, बाईंच्या तोंडी ‘पूर्णांक’ आणि मुलांच्या तोंडी सरसकट ‘मायनस’. त्याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच जागी.

बाईंनी फळ्यावर आडवं लिहिलं: १२.५ − ३.७५. उभं मांडून सोडवा म्हणाल्या. बरोबर उत्तरंही आली, पण ती सगळी एकसारखी असल्यामुळे त्यांच्याकडे पाहण्यासारखं काही नव्हतं. पाहण्यासारखी होती चुकलेली. एका वहीत २.५०, दोघा-तिघांकडे ८.८५, आणि एका मुलाकडे अगदी सुवाच्य अक्षरात ९.२५.

२.५० हे सगळ्यांत सरळ. या मुलीने दोन्ही संख्यांचे शेवटचे अंक एकाखाली एक घेतले, जसे पूर्ण संख्यांत घेतात. म्हणजे १२५ च्या खाली ३७५. वरची लहान निघाली, मग तिने मुकाट्याने अदलाबदल केली, मोठीतून लहान वजा केली, २५० आले, आणि शेवटी आठवण झाली म्हणून टिंब दिलं. बाई तिला एवढंच म्हणाल्या, “टिंबाखाली टिंब, बाळा.” पुढचं गणित तिने बरोबर केलं. ही चूक मांडणीची होती, मांडणी सुधारली की गेली.

८.८५ वाल्यांनी टिंबाखाली टिंब नीट घेतलं होतं. पण मग ७५ मधला ५ एकटा लटकत राहिला, त्याच्या डोक्यावर काहीच नाही. कशातून वजा करायचा? नाही ना, मग आहे तसा खाली उतरवला. पुढे ५ मधून ७ जात नाहीत म्हणून शेजारून उसना घेतला, १५ मधून ७ गेले ८, आणि ११ मधून ३ गेले ८. उसना घेण्याचं अवघड काम अचूक, आणि सोप्या दिसणाऱ्या जागी घोटाळा.

९.२५ वाल्याने उसनंबिसनं काही घेतलं नाही. ५ उतरवला. मग ५ आणि ७, सातातून पाच गेले दोन. बारातून तीन गेले नऊ. झालं.

या चुकांकडे निष्काळजीपणा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला असते. पण निष्काळजी मूल दर वेळी वेगळी चूक करतं. ही मुलं पुढच्या गणितातही तीच चूक करतात, त्याच जागी, इमानेइतबारे. अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास मांडला, त्याचं सार हेच होतं: मूल बहुतेक वेळा नियम विसरलेलं नसतं, ते एक चुकीचा नियम काटेकोरपणे पाळत असतं. ‘मोठ्यातून लहान वजा कर’ हा त्यांतला सगळ्यांत चिवट. आणि तो मुलांनी स्वतः शोधलेला नाही, पहिली-दुसरीत मोठ्यांनीच सांगितलेला आहे. तेव्हा तो खराही होता.

लटकलेल्या पाचावर शाळेत ठरलेला उपाय आहे: शून्य लावून घ्या. १२.५ चं १२.५० करा. बाईंनी तो सांगताच खिडकीजवळच्या मुलीने हरकत घेतली. “शून्य लावलं की संख्या दहापट होते ना, बाई? पाचाचे पन्नास होतात.” चौथीपर्यंत तिला हेच शिकवलंय, तिची शंका चोख होती. आणखी एक भानगड वाचण्यात आहे. मुलं ‘बारा पॉइंट पाच’ आणि ‘तीन पॉइंट पंच्याहत्तर’ असं वाचतात. पंच्याहत्तर म्हटल्यावर पाच बिचारा आधीच हरतो. ‘पॉइंट सात पाच’ असं एकेक अंक वेगळा वाचायला लावलं की निदान आकड्यांचा रुबाब उतरतो.

पुस्तकात या जागी रुपये-पैशांचं उदाहरण असतं. साडेबारा रुपये म्हणजे बारा रुपये पन्नास पैसे, शून्य आपोआप येऊन बसतं. एके काळी हे उदाहरण जिवंत होतं. १ एप्रिल १९५७ ला चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि दशांश पद्धत बाजारातून घरात आली, त्यासाठी कुणाला शाळेत जावं लागलं नाही. पण पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा ३० जून २०११ नंतर चालेनासं झालं. या खोलीतलं एकही मूल तेव्हा जन्मलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी पैसे म्हणजे रुपयेच. “पन्नास पैशांत काय मिळतं?” असं बाईंनी विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, “पन्नास पैसे कुठे मिळतात?”

उत्तर सापडलं ते बाईंच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत. बाईंनी एक जुना सातबारा आणला. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं लिहितात, आणि त्या आकड्यात दोन टिंबं असतात. दोन टिंबांची संख्या पाहून मुलं हसली. मग बाईंनी उलगडून सांगितलं: शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरचा एक हेक्टर. म्हणजे एक हेक्टर जमीन गेली असेल तर तिचा एक टक्का म्हणजे बरोबर एक आर. साडेबारा टक्के म्हणजे बारा आर पन्नास चौरस मीटर, सातबाराच्या पद्धतीने ०.१२.५०. त्यातून ०.०३.७५ वजा करायचे.

या रूपात एकाही मुलाचा पाच लटकला नाही. सातबारा शून्य गाळूच देत नाही, प्रत्येक घरात दोन अंक हवेतच. ०.०८.७५. आठ आर पंचाहत्तर चौरस मीटर. खिडकीजवळच्या मुलीचंही समाधान झालं, कारण आता पन्नास हे पाचाचे दहापट नव्हते, पन्नास चौरस मीटर होते आणि आरचा अर्धा भाग होते. बाईंनी लगेच ८.८५ वाल्यांना विचारलं, तुमच्या हिशेबाने किती जागा मिळाली? ८८५ चौरस मीटर. दहा चौरस मीटर जास्त, म्हणजे एक बरी खोली. आणि ९.२५ वाल्याला तर पन्नास जास्त, अख्खा फ्लॅट. सिडकोला असे हिशेबनीस मिळते तर गावात दोन-चार सत्कार झाले असते.

इथवर जे झालं ते कुठल्याही चांगल्या शिकवणीत होतं. पण ९.२५ चं काय, हा प्रश्न राहिला होता. त्या मुलाचं शून्य लावून झालं, १२.५० लिहूनही झालं, तरी त्याने शून्य आणि पाच पाहून पाचातून शून्य वजा केलं आणि पुन्हा ९.२५ आणले. त्याच्या नियमाला शून्याने काही धक्का बसला नव्हता.

पडवीत बसलेल्या आजोबांना ऐकू गेलं. “काय रं, सव्वानऊ कुठनं आणलेस? पावणेनऊ ते.” मुलाने विचारलं, कसे? आजोबांनी सांगितलं तसं लिहितो: साडेबारातून साडेतीन गेले नऊ. अजून पाव जायचाय. नवातून पाव गेला, पावणेनऊ. पुरे. ना उभी मांडणी, ना उसना, ना टिंब. आजोबांच्या पिढीने पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती. त्यांच्या डोक्यात दशांश नव्हतेच, पावाच्या पटीतले मुक्काम होते आणि ते एका मुक्कामावरून दुसऱ्यावर चालत जात.

मुलाने वहीकडे पाहिलं. त्याच्याही गणितात नऊ होते. त्याच्याही गणितात पाव होता, २५. आजोबांनी पाव नवातून काढला होता, त्याने नवाला लावला होता.

माझ्या मते त्या संध्याकाळची सगळी मेख इथे आहे. त्या मुलाने प्रत्येक घरातला फरक अचूक काढला होता. बारा आणि तीन, फरक नऊ. पाच आणि सात, फरक दोन. शून्य आणि पाच, फरक पाच. फक्त दोन घरांत खालचा अंक मोठा होता, तिथे फरक तुटीचा होता, आणि तूट लिहायला त्याच्याकडे चिन्ह नव्हतं. नऊ, उणे दोन दशांश, उणे पाच शतांश: असं लिहिता आलं असतं तर ९ − ०.२ − ०.०५ म्हणजे ८.७५ हे उत्तर त्याच्या चुकीच्या वाटेवरच सापडलं असतं. ८.८५ चंही तसंच. त्या मुलांनी ८.८० पर्यंत बरोबर नेऊन शेवटचे पाच शतांश उणे करण्याऐवजी अधिक केले. दशांशांची म्हणून जी चूक आपण लाल करतो, ती पुष्कळदा न शिकलेल्या ऋण संख्येची चूक असते.

आता गंमत पाहा. बालभारतीच्या २०१६ सालच्या सहावीच्या पुस्तकात पूर्णांक संख्यांचा धडा दशांश अपूर्णांकांच्या आधीच येतो. मुलांना ऋण संख्या भेटलेली असते. पण पूर्णांकांच्या धड्यात टिंब नाही आणि दशांशांच्या धड्यात ऋण नाही, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. ती पडते पुढच्या वर्षी, परिमेय संख्यांच्या क्रियांत, तोवर ९.२५ ची सवय मुरलेली असते.

बाईंनी त्या मुलाला म्हटलं, “तुझ्याच पद्धतीने कर, पण जिथे कमी पडतंय तिथे कमी पडतंय असं लिही.” त्याने तीन घरं आखली, ९, −२, −५ असं लिहिलं, मग नवाचे नव्वद दशांश केले, दोन काढले, अठ्ठ्याऐंशी दशांश उरले, त्यांचे आठशे ऐंशी शतांश, पाच काढले, आठशे पंचाहत्तर. लांबचा रस्ता, पण स्वतःचा. परीक्षेत असं लिहिलं तर गुण मिळतील की नाही, याची काळजी शेजारच्या मुलीने व्यक्त केली. ती काळजी रास्त आहे. तरी ही पद्धत काही बाईंच्या डोक्यातून निघालेली नाही. जॉन कोल्सन नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७२६ साली एकाच संख्येत धन आणि ऋण अंक मिसळून आकडेमोड करण्याची रीत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली होती. आपल्याकडे वैदिक गणिताच्या वर्गांत अंकावर आडवी रेघ देऊन हेच करतात. वेदांशी तिचा काय संबंध हे बाजूला ठेवू, रेघ कामाची आहे.

तूट लिहायची तर ती दिसायला हवी. त्यासाठी बाईंनी दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. संख्यारेषा फळ्यावर होतीच, पण तिच्यावरचं शून्य मधोमध खिळा ठोकल्यासारखं असतं. काट्याचं शून्य हलवता येतं.

रिकामा डबा ठेवला: ०.२४०. ‘टेअर’चं बटण दाबलं: ०.०००. तांदूळ भरले: १.३८५. इथवर सगळ्यांनी दुकानात पाहिलेलं. मग बाईंनी तांदळासकट डबा उचलला. काट्यावर काही नाही, आणि पडद्यावर −०.२४०.

“बिघडला,” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला की त्यांच्या मासळीवाल्याच्या काट्यावर रोज असं येतं, तो टोपलं उचलतो तेव्हा. बाईंनी विचारलं, रिकामा काटा शून्य का दाखवत नाही? बराच वेळ ‘मशीन आहे’, ‘सेटिंग आहे’ असं चाललं. मग ९.२५ वाला मुलगा म्हणाला, काट्याने डब्याला शून्य धरलंय, म्हणून डबा नसला की डब्याएवढं कमी. हे वाक्य त्याला पाठ नव्हतं, कारण कुठल्याच पुस्तकात ते नाही.

आता रिकाम्या काट्यावर एक किलोचं माप ठेवलं तर? पैजा लागल्या. बहुमत १.००० च्या बाजूने, दोघंजण १.२४० च्या. माप ठेवलं, ०.७६० आले. उणे दोनशे चाळीसवरून वर चढताना आधी शून्यापर्यंतचे दोनशे चाळीस खर्च होतात, उरलेले सातशे साठ दिसतात, हे मग त्यांनीच फळ्यावर मांडलं. दशांशाची बेरीज, ऋण संख्येची बेरीज, दोन्ही एकदम, आणि कुणी कुरकूर केली नाही.

पुढचा प्रश्न खरा अवघड होता. आधी −०.२४० होते, नंतर ०.७६०. किती फरक पडला? माप एक किलोचं आहे हे डोळ्यांसमोर होतं. तेव्हा ०.७६० − (−०.२४०) याचं उत्तर १.००० च यायला हवं. ऋण संख्या वजा करणं म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणं, हे वाक्य सहावीच्या मुलांना मंत्रासारखं येतं. ते खरं आहे याचा पुरावा त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला, आणि तो एक किलो वजनाचा होता.

खोलीतल्या एका मुलीची आई तळोज्याच्या मासळी कंपनीत कोळंबी सोलायला जाते. गोठवलेली मासळी −१८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली साठवतात, आणि पटकन गोठवण्याच्या खोलीत तापमान त्याहून खूप खाली, −३५ ते −४० पर्यंत नेतात. मुंबई परिसरातल्या मुलांना ऋण तापमान सांगायचं म्हटलं की पुस्तकं लेह, शिमला, श्रीनगर अशी दूर जातात. इथे ते रिक्षाच्या अंतरावर आहे, आई तिथे स्वेटर घालून जाते. ‘−१८ मोठं की −४०?’ यावर बाकी वर्गाने −४० म्हटलं, ही मुलगी हसली. “चाळीसच्या खोलीत जास्त थंडी. थंडी मोठी, पण तापमान कमी.” एवढ्या एका वाक्यासाठी मी आणखी बऱ्याच संध्याकाळी त्या खुर्चीवर बसायला तयार आहे.

बाईंनी तिच्यावरूनच गणित घातलं. शीतगृहाचा दरवाजा उघडा राहिला. −१८ वरून तापमान −१२.५ झालं. किती बदललं? पहिलं उत्तर आलं ३०.५, म्हणजे चिन्हं सोडून बेरीज. दुसरं −५.५. तिसरं ५.५. दुसऱ्या आणि तिसऱ्यात भांडण झालं आणि ते बराच वेळ चाललं, कारण दोघांनाही साडेपाच सापडले होते. −५.५ वाल्याचं म्हणणं: सगळं उणेमध्ये चाललंय, तर उत्तरही उणेच. मासळी कंपनीवालीचं म्हणणं: खोली गरम झाली, मग उणे कसं?

मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी शिक्षकांसोबत पूर्णांक संख्या कशा शिकवाव्यात यावर बरंच काम केलंय. त्यांच्या मांडणीतला एक धागा इथे उपयोगी पडतो: एकच ऋण चिन्ह कधी स्थिती दाखवतं, कधी बदल, तर कधी दोन गोष्टींतलं नातं. −१८ ही स्थिती आहे. दरवाजा उघडल्याने झालेला +५.५ हा बदल. आणि आधीची खोली नंतरच्यापेक्षा साडेपाच अंशांनी थंड, ही तुलना. फळ्यावर तिन्ही एकाच आडव्या रेघेने लिहिले जातात, म्हणून मुलं भांडतात. −५.५ वाल्याची गल्लत स्थिती आणि बदल यांत होती, आकडेमोडीत नव्हती. −१२.५ − (−१८) हे त्याने अगदी बरोबर मांडलं होतं, वजा करताना मात्र भोवतालच्या उण्यांचा मान राखला.

मोठ्यांचंही याबाबतीत फार सुरळीत चाललं होतं असं नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण राशींच्या बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले. शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं, हे त्यात स्वच्छ आहे. पुढे भास्कराचार्य ऋण राशीच्या डोक्यावर टिंब देत. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे, त्यात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला मिळालेलं दान नोंदलेलं आहे. म्हणजे ऋण राशींची शिकवणी महाराष्ट्रात किमान आठशे वर्षं जुनी आहे. पण खुद्द भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, आणि एक फांदीवर दिसतं आहे. तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचं ठीक: पाचवा भाग दहा, वजा तीन सात, वर्ग एकोणपन्नास, अधिक एक. पाचाचंही समीकरण बसतं: पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, वर्ग चार, अधिक एक पाच. पण ‘उणे दोन’ माकडं ही काय भानगड? भास्कराचार्यांनी ते दुसरं उत्तर घेऊ नये म्हणून सांगितलं, कारण लोकांना ऋण रूप पटत नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा ८.८५ वाल्यांपैकी एकाला भारी आनंद झाला. भास्कराचार्यांनाही लोकांना काय पटेल याचा विचार करावा लागला, हे त्याला फार आवडलं.

सातवीत एक मोठा मुलगा आहे. त्याला सगळं येतं आणि तो ते लहानांना सांगतो, यामुळे बाई त्रस्त असतात. त्याने सहावीवाल्यांना शिकवलंय: मायनस मायनस प्लस. हा तीन शब्दांचा नियम गुणाकाराच्या धड्यातून निसटून बेरीज-वजाबाकीत शिरला की पोरं −३ − ४ = +७ लिहितात. दोन मायनस दिसले ना, मग प्लस. दहावीच्या उत्तरपत्रिकांतही हे सापडतं, असं कुठल्याही गणित शिक्षकाला विचारलं तर तो हात जोडून सांगेल. बाईंनी या घरात ते तीन शब्द उच्चारायला बंदी घातली आहे, आणि ती कुणी पाळत नाही.

तेव्हा काटा पुन्हा पुढे ओढला. डब्याबरोबर त्याची झाकणंही ठेवली, प्रत्येक ०.०६० ची, अशी तीन. सगळ्याला मिळून टेअर केलं. एक झाकण उचललं: −०.०६०. आता डबाही उचलायचा, ०.२४० चा. −०.०६० − ०.२४० किती? मोठ्या मुलाने बेधडक सांगितलं, “दोन मायनस, म्हणजे प्लस ०.३००.” उरलेली दोन झाकणं एका हाताने सावरत बाईंनी डबा काढला. −०.३००. काट्याशी हुज्जत घालता येत नाही, त्याने ती घातली नाही. पण तो गप्प बसणाऱ्यातलाही नव्हता. “मग आमच्या पुस्तकात (−३) गुणिले (−४) बारा का येतात? ते पण दाखवा काट्यावर.”

बाई म्हणाल्या ते पुढच्या आठवड्यात. त्याने वाट पाहिली नाही. डबा आणि तिन्ही झाकणं मांडून शून्य केलं, तिन्ही झाकणं उचलली: −०.१८०. हे तीन वेळा उणे साठ, म्हणाला. आता हे तीन वेळा रद्द करायचं, म्हणजे उणे तीन वेळा उणे साठ, म्हणजे झाकणं परत ठेवायची. एक, दोन, तीन ठेवली. “झाले प्लस ०.१८०.”

“कुठे झाले?” ९.२५ वाला पडद्याजवळ वाकून म्हणाला. “इथे तर ०.००० आहे.”

मोठा मुलगा पडद्याकडे पाहत राहिला. “आधी मायनस १८० होतं, आता शून्य. १८० वाढले की नाही?”

“वाढले. पण आलेत शून्य.”

“खोली पण तशीच ना,” मासळी कंपनीवाली म्हणाली. “साडेपाचने गरम झाली, तरी उणे साडेबाराच. काटा आत्ता कुठे आहे ते सांगतो, किती हलला ते आपण काढायचं.”

९.२५ वाल्याला ते मान्य नव्हतं. सुरुवातीला झाकणं न ठेवताच शून्य करायचं, मग ठेवायची, म्हणजे ०.१८० दिसेलच, असं तो म्हणू लागला. त्यावर मोठा मुलगा म्हणाला की तसं केलं तर उणे साठ कुठे राहिले, ती तर साधी बेरीज झाली. बाईंनी घड्याळ पाहिलं, काटा दुकानात परत द्यायचा होता. तिघांनी मिळून तो आणखी दहा मिनिटं मागून घेतला.